शिक्का आणि जामीन

बँकेत मी तेहतीस वर्षे नोकरी केली. एवढ्या वर्षांत नेमके काय केले, असे कोणी विचारले तर एका वाक्यात सांगता येईल: मी सह्या जुळवल्या. एका हातात चेक, दुसऱ्या हातात नमुना सहीचे कार्ड. 'र'चा फाटा तसाच आहे का, शेवटची रेघ तिथेच संपते का, हे बघायचे आणि पैसे द्यायचे किंवा द्यायचे नाहीत. थरथरत्या हाताने केलेली सही जुळत नाही म्हणून कितीतरी म्हाताऱ्या माणसांना मी पुन्हा सही करायला लावली आहे. समोर माणूस सगुण-साकार उभा असायचा, पण आमचा विश्वास कार्डावर!

म्हणूनच गेल्या दिवाळीत माझ्या नावाचा दगडी शिक्का हातात पडला तेव्हा गंमत वाटली आणि थोडे अवघडल्यासारखेही झाले.

शिक्का आणला माझ्या जुन्या शाखेतल्या एका मित्राने. त्याची मुलगी नोकरीनिमित्त बीजिंगला असते. दोघे नवरा-बायको तिच्याकडे दोन महिने राहून आले आणि फराळाला घरी आले. वहिनी आत गेल्यावर त्याने खिशातून एक छोटी रेशमी डबी काढून माझ्यापुढे ठेवली. आत अंगठ्याएवढा, मधाच्या रंगाचा चौकोनी दगड. तळाशी कोरलेली तीन चिनी अक्षरे.

''तुझं नाव आहे,'' तो म्हणाला. ''अर्थ विचारू नकोस, उच्चार जुळवलाय फक्त. तुझी सही काही मला मिळाली नाही बाबा, म्हणून शिक्काच करून आणला.''

आणि तो मोकळेपणाने हसला. मला मात्र हसता आले नाही. त्याच्या बोलण्यामागे तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट होती. ती शेवटी सांगतो.

डबीबरोबर त्याने एक जाडजूड चित्रसंग्रहही आणला होता. बीजिंगमधल्या श्यू बेइहुंग स्मारक संग्रहालयातला. श्यू बेइहुंग (१८९५-१९५३) हे विसाव्या शतकातले चीनचे फार मोठे चित्रकार. त्यांचे शाईतले दौडणारे घोडे आपल्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे पाहिले असतील, चित्रकाराचे नाव माहीत नसताना! मी पाने उलटू लागलो आणि बँकेतल्या जुन्या सवयीने माझी नजर घोड्यांवरून घसरून कोपऱ्यातल्या लाल शिक्क्यांवर जाऊ लागली. मग त्या शिक्क्यांचा माग काढण्यात चार महिने कसे गेले कळले नाही.

दगडाची सही

चिनी चित्राच्या कोपऱ्यात जो लहानसा लाल चौकोन दिसतो, ती चित्रकाराची नाममुद्रा. हा शिक्का मऊ दगडात कोरतात. चीनमधल्या छिंगत्येन, शौशान या ठिकाणचे दगड त्यासाठी नावाजलेले. अक्षरे उलटी कोरायची, म्हणजे उमटताना सुलटी. अक्षर खोल कोरले तर लाल जमिनीवर पांढरे नाव उमटते. भोवतालचा दगड काढून अक्षर उठावात ठेवले तर पांढऱ्यावर लाल. रंग हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजाचा. तो एरंडेल आणि वनस्पतीच्या तंतूंत घोटून त्याचा लगदा करतात. शिक्का कोरणारा अनेकदा दगडाच्या बाजूवर बारीक अक्षरांत लिहून ठेवतो, की हा अमुक साली, अमुक मित्रासाठी कोरला. कागदावर ती बाजू कधीच उमटत नाही. ती दोघांपुरतीच.

आपल्यालाही हे अगदी परके नाही. मराठीत काम पक्के झाले की त्यावर 'शिक्कामोर्तब' होते. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'चे सारे कथानक तर अमात्य राक्षसाच्या मुद्रेच्या अंगठीभोवती फिरते. अंगठी चाणक्याच्या हाती लागते, तिच्या जोरावर खोटे पत्र तयार होते आणि राक्षस एकटा पडतो. तरी तो शरण येतो तो त्या पत्रामुळे नाही. आपल्याला आश्रय देणारा मित्र चंदनदास वधस्तंभाकडे निघाला आहे, त्याला वाचवण्यासाठी येतो. मुद्रा आणि मैत्री यांची गाठ अशी फार जुनी आहे.

नाव बदलणारा मुलगा

'बेइहुंग' हे श्यूंचे पाळण्यातले नाव नव्हे. बेइहुंग म्हणजे शोकाकुल रानहंस. गरिबीत, अपमानात दिवस काढणाऱ्या तरुणाने ते स्वतः घेतले. वडील चित्रकार, पण गावोगाव हिंडून पोट भरणारे. ते गेल्यावर विशीतला हा मुलगा काम शोधत शांघायला आला आणि सगळी दारे बंद झाल्यावर नदीत जीव द्यायला निघाला. तेव्हा ह्वांग आडनावाच्या दोन गृहस्थांनी त्याला सावरले. एकाने समजूत काढून परत आणले, दुसऱ्याने राहायला जागा आणि जेवण दिले. १९१६ साली विद्यापीठात नाव घालताना मुलाने अर्जावर 'श्यू' लिहिले नाही. लिहिले 'ह्वांग फू'. 'फू' म्हणजे आधार. ह्वांगांच्या आधाराने उभा असलेला तो ह्वांग फू!

आमच्याकडे अर्जावर असे काही लिहिले असते तर आम्ही शपथपत्र मागितले असते. पण उपकाराची अशी पावती मी तरी दुसरी पाहिलेली नाही. आणि योगायोग बघा, त्या विद्यापीठाचे चिनी नाव होते 'चेनतान'. चीनला प्राचीन भारतीय 'चीनस्थान' म्हणत, त्याचेच हे चिनी रूप. आठ वर्षांनी हाच शब्द एका भारतीय माणसाच्या नावात जाऊन बसणार होता. त्याकडे येतोच. आधी एका सुताराची गोष्ट.

सुताराचा जामीन

छी बाइशी हे हूनान प्रांतातल्या शेतकऱ्याचे पोर. पेशाने सुतार. लाकडावर नक्षी कोरता कोरता चित्रकार झाले. तरुणपणी त्यांनी एका नामांकित शिक्का-कारागिराकडे आपल्या नावाचा शिक्का कोरायला दगड दिला. चार दिवसांनी गेले तर, 'दगड नीट घासून आणा' म्हणून परत. पुन्हा घासून नेला, पुन्हा परत. असे तीनदा झाले. सुताराला शिक्का कशाला, असाच भाव. छींनी दगड घरी आणला आणि स्वतःच कोरला. पुढे एका जाणत्या मित्राला त्यांनी विचारले की चांगले कोरायला कसे शिकू? मित्राने सांगितले, डोंगरातून दगडांची कावड भरून आण. कोर, घास, पुन्हा कोर. तीन-चार डबे दगडाच्या चिखलाने भरले की येईल. छींनी ते खरोखर केले. पुढे त्यांच्या एकाच घावात कोरण्याच्या पद्धतीची चीनभर कीर्ती झाली. आणि गंमत म्हणजे स्वतःच्या एका शिक्क्यावर त्यांनी दोनच अक्षरे कोरली: 'लाकूड-माणूस'.

१९२८ साली श्यू बेइहुंग पॅरिसमधून शिकून आलेले तेहतीस वर्षांचे प्राध्यापक होते आणि बीजिंगच्या कला महाविद्यालयाचे प्रमुख झाले होते. छी तेव्हा पासष्टीला टेकलेले. शहरातली विद्वान मंडळी त्यांना 'सुतार' म्हणूनच हिणवत. श्यू त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, आमच्याकडे शिकवायला या. छींनी नाही म्हटले. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मनातले सांगितले: मी कधी शाळेत गेलो नाही, पोरे माझी टर उडवतील. श्यू त्यांना स्वतः गाडीतून घेऊन गेले आणि पहिल्या तासाला वर्गात सोबत थांबले. सनातनी मंडळींच्या विरोधाला कंटाळून श्यूंनी काही महिन्यांतच ते पद सोडले, पण छींची साथ सोडली नाही. १९३२ साली छींचा चित्रसंग्रह निघाला तेव्हा प्रस्तावना श्यूंची होती.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर श्यू जामीन राहिले. स्वतःचे नवे, अजून पुरते न रुजलेले नाव त्यांनी एका सुताराच्या मागे उभे केले. छींनी ते कर्ज आपल्या पद्धतीने फेडले. चित्रे दिली, कविता लिहिली आणि शिक्के कोरले. श्यूंच्या चित्रांवर पुढे उमटत राहिलेल्या शिक्क्यांपैकी कितीतरी छींच्या हातचे. दुसरे शहर असो, परदेश असो, चित्रकाराच्या पडशीत मित्राने कोरलेला दगड असायचा. नाव त्याचे, हात मित्राचा.

शांतिनिकेतनातले वर्ष

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. श्यू चित्रे घेऊन बाहेर पडले. सिंगापूर, मलाया, भारत. प्रदर्शने भरवायची, चित्रे विकायची आणि पैसा युद्धग्रस्तांसाठी मायदेशी पाठवायचा. सिंगापुरात त्यांना सांभाळले ते पुन्हा ह्वांग आडनावाच्याच भावांनी. ते शांघायच्या ह्वांगांचे कोणी नव्हेत. पण 'ह्वांग फू' हे जुने नाव श्यूंना तिथे आठवले नसेल असे मला वाटत नाही.

१९३९च्या अखेरीस रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून श्यू शांतिनिकेतनात आले. तिथे चीना भवन सुरू होऊन दोन-अडीच वर्षे झाली होती. रवींद्रनाथांना चिनी नावाचे अप्रूप सांगण्याची गरज नव्हती. ते त्यांच्याकडे होतेच. १९२४ साली चीनच्या दौऱ्यात ८ मे रोजी बीजिंगमध्ये त्यांचा वाढदिवस साजरा झाला, तेव्हा विद्वान लिआंग छीछाओ यांनी त्यांना नाव दिले 'चू चेनतान'. 'चू' हे भारताच्या जुन्या चिनी नावातले अक्षर. पूर्वी भारतातून गेलेले भिक्षू तेच आडनाव म्हणून लावत. आणि 'चेनतान' म्हणजे चीन. शिवाय 'चेन' म्हणजे मेघगर्जना, 'तान' म्हणजे पहाट. म्हणजे इंद्र आणि रवीही आले! हे नाव दगडात कोरून त्याचा शिक्काही त्यांना भेट मिळाला. त्या दौऱ्यात नंदलाल बोस सोबत होते. रवींद्रनाथांना हा प्रसंग अखेरपर्यंत आठवत होता. १९४१ साली, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, त्यांनी त्यावर कविता केली.

श्यू आणि नंदलाल यांची गट्टी जमली. श्यूंनी नंदलालांचे व्यक्तिचित्र केले, रवींद्रनाथांची अनेक चित्रे काढली. फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा शांतिनिकेतनात आले. श्यूंनी गडबडीतच गांधीजींचे रेखाटन केले आणि गांधीजींनी त्यावर आपली सही केली. रवींद्रनाथांच्या चित्रांच्या ढिगातून निवडक चित्रे काढायला श्यू आणि नंदलाल मांडी ठोकून एकत्र बसले.

याच वर्षी श्यूंनी 'डोंगर हलवणारा वेडा म्हातारा' हे प्रचंड चित्र पूर्ण केले. सव्वाचार मीटर लांबीचे. गोष्ट चिनी: दारापुढचे डोंगर खणून काढायला निघालेला म्हातारा. मी नाही तर माझी मुले, नातवंडे खणतील, असे म्हणणारा. पण चित्रातली कुदळ उगारलेली उघडी, रांगडी माणसे पाहा. ती आपली आहेत! शांतिनिकेतनातली माणसे समोर उभी करून श्यूंनी ती काढली. चिनी पुराणकथेत भारतीय शरीरे, आणि कोपऱ्यात लाल शिक्का.

श्यू वीरभूमच्या लाल मातीत चित्रे काढत होते, तेव्हाच आपल्या सोलापूरचा एक डॉक्टर चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्या पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर होते. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के तिहुआ'. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. चीनमध्ये आजही त्यांना याच नावाने ओळखतात. त्यांच्या मुलाच्या नावात भारत आणि चीन ही दोन्ही अक्षरे होती: यिनहुआ.

चेनतान काय, के तिहुआ काय, ही नावे कोणी अर्ज करून मिळवलेली नव्हती. ती मित्रांनी दिली होती. मित्राने दिलेल्या नावाचा व्याप मोठा असतो. ते सांभाळावे लागते.

खरवडलेले नाव

आता मला सर्वांत चटका लावून गेलेली हकीकत.

१९३७ साली हाँगकाँगमध्ये श्यूंनी एक जुनी गुंडाळी पाहिली. रेशमावर केवळ रेषांत काढलेल्या सत्त्याऐंशी देव-देवतांची मिरवणूक. ती एका जर्मन बाईंच्या मालकीची होती. जवळचे सगळे पैसे आणि वर आपली सात चित्रे देऊन त्यांनी ती घेतली. मग खास शिक्का कोरून घेऊन तो तिच्यावर उमटवला. त्यावर चार अक्षरे होती: 'बेइहुंगचा प्राण'. सिंगापुरात, भारतात, प्रवासात ही गुंडाळी त्यांच्याबरोबर असे.

मे १९४२ मध्ये कुनमिंग शहरात हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. श्यू आसऱ्याला गेले. परत आले तर खोली फोडलेली आणि गुंडाळी गायब. ते आजारीच पडले.

दोन वर्षांनी चेंगदूहून एका ओळखीच्या मुलीचे पत्र आले की तशीच गुंडाळी इथे पाहिली आहे. पोलिसांत गेले तर चोर घाबरून ती जाळून टाकायचा. श्यूंनी मध्यस्थ गाठला आणि स्वतःचीच वस्तू दोन लाख युआन आणि दहाच्या वर चित्रे देऊन पुन्हा विकत घेतली. उलगडून पाहिली. सत्त्याऐंशी जण शाबूत होते. 'बेइहुंगचा प्राण' हा शिक्का मात्र खरवडून काढला होता.

मी बँकवाला. खाडाखोड केलेला कागद म्हणजे आमच्या दृष्टीने बाद. पण श्यूंना त्या गुंडाळीची ओळख पटायला शिक्का लागला नाही. शिक्का चोराला खुपला, कारण तो साक्षीदार होता. प्राण काही शाईत नव्हता. तो दोनदा मोजलेल्या किमतीत होता.

२६ सप्टेंबर १९५३ रोजी श्यू गेले, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. छी तेव्हा नव्वदीच्या घरात. त्यांच्या पत्नी लिआओ चिंगवन यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे, की धक्का सोसणार नाही म्हणून छींना ही बातमी सांगितली नव्हती. श्यू परदेशी गेलेत असे सांगितले होते. पुढे एक दिवस म्हातारबुवा काठी टेकत मित्राच्या घरी आले, तर दारावर स्मारक संग्रहालयाची पाटी! ते तसेच आत गेले आणि तसबिरीपुढे त्यांनी गुडघे टेकले. १९५७ साली तेही गेले. दोघांची नावे दगडात राहिली. एकाचे दुसऱ्याच्या हातून कोरलेले.

माझी गोष्ट

आता कबूल केल्याप्रमाणे माझी गोष्ट.

१९९२ सालची. शिक्का आणणारा हा मित्र तेव्हा रोख विभागात होता. रोज आम्ही एकत्र डबा खायचो. त्याला घरासाठी पतपेढीचे कर्ज हवे होते आणि दोन जामीनदार लागत होते. एक सही मिळाली होती. जेवणाच्या सुट्टीत त्याने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी म्हणालो, ''माझ्यावरच कर्ज आहे रे, नियमात बसत नाही बघ.''

नियमात बसत होते. आदल्या दिवशीच मी नियम काढून पाहिला होता. भीती होती, बाकी काही नाही. उद्या याने हप्ते थकवले तर? तेहतीस वर्षे लोकांच्या सह्या जुळवणारा मी, स्वतःची सही द्यायची वेळ आली तेव्हा नियमामागे लपलो.

त्याची दुसरी सही आमच्या शाखेतल्या शिपाईदादांनी केली. त्यांचा पगार माझ्या निम्म्याने. मित्राने एकही हप्ता चुकवला नाही. मुदतीच्या आत कर्ज फेडले. आमचे बोलणे थांबले नाही. डबाही एकत्रच खात राहिलो. फक्त माझ्या डब्यातली भाजी त्याने पुन्हा कधी मागून घेतली नाही. वहिनींच्या हे लक्षात आले असेल की नाही, ठाऊक नाही. माझ्या आले.

आणि त्याच माणसाने परदेशात, मुलीला मध्ये घालून, कारागिराला माझे नाव तीन-तीनदा उच्चारून दाखवत हा दगड कोरून आणला. श्यूंचे आयुष्य वाचून मला एवढेच कळले की नावाची किंमत आपण ते किती जपले यावर ठरत नाही. ते कोणासाठी आणि कधी वापरले, यावर ठरते.

परवा माझ्या नव्या कादंबरीची प्रत घेऊन त्याच्याकडे गेलो. निघण्यापूर्वी पहिल्या पानावर तो शिक्का मारला होता. वहिनींनी चहा ठेवला. त्याने चष्मा शोधला, पान उघडले, डोळ्यांजवळ नेले.

''तिरका उमटलाय रे,'' तो म्हणाला.

''पहिल्यांदाच मारला,'' मी म्हणालो.

''आणि सही?''

मी पेन काढले आणि शिक्क्याशेजारी सही केली. त्याने उठून शिपाईदादांचा फोन नंबर शोधायला घेतला. म्हणाला, ''त्यांनाही एक प्रत देऊन येऊ. दोघं जाऊ.''